दोन वल्ह्यांची होडी

धम्मदीनाला कुणी विचारलं, की तुझा खेळ नेमका आहे तरी काय, तर ती सांगायची: नदी आहे, होडी आहे, दोन वल्ही आहेत. समोरचा वाट बघायचा, की आता पुढे राक्षस येईल, निदान एखादी मगर तरी येईल. तसलं काही यायचं नाही. कीबोर्डच्या डाव्या टोकाचं एक बटण म्हणजे डावं वल्हं, उजव्या टोकाचं एक म्हणजे उजवं. दोन्ही हातांनी तालात बटणं दाबायची आणि सोडायची, की होडी पुढे सरकते. एखादं बटण दाबूनच धरलं तर ते वल्हं पाण्यात रुतून राहतं आणि होडी त्या बाजूला वळते. नदीची वळणं अशीच घ्यायची. संपला खेळ. असल्या खेळापायी चांगल्या नोकरीतला आठवड्याचा एक दिवस कमी करून घेणाऱ्या बाईला काय म्हणावं, असं ऑकलंडच्या न्यू लिन उपनगरातल्या तिच्या मैत्रिणी आपसात बोलत, आणि तिच्या तोंडावर "वा, किती क्रिएटिव्ह!" म्हणत.

खेळाचं मूळ होतं आबांत. आबा म्हणजे तिचे वडील. पैठणला पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गोदावरीचं पाणी मोजायला खात्याची एक होडी होती, आणि साहेब दौऱ्यावर गेले की आबा लहानग्या दीनाला तिच्यात बसवायचे. तिच्या हातात वल्ही द्यायचे आणि समोर बसून सांगायचे, "दोन्ही हात सारखे चालव. होडी दमलेल्या हाताकडे वळते. माणूस खोटं बोलेल, होडी नाही बोलायची." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की दीना आणि तिचा धाकटा भाऊ नितीश त्यांची नक्कल करून हसत. पुढे आई गेली, दीना ऑकलंडला आली, सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामाला लागली, लग्न, मुलगी, घर सगळं रीतसर झालं. होडी तेवढी डोक्यात राहून गेली.

आबा आता पैठणला नितीशकडे राहत. नितीशचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. तिथला एक म्हातारा झालेला कॉम्प्युटर त्यानं घरी आणून पुढच्या खोलीत मांडला होता. दीनानं लिंक पाठवली, नितीशनं ती उघडून दिली, आणि आबा खुर्चीत बसून वल्ही मारू लागले ते कायमचेच. सकाळचा चहा झाला की होडी पाण्यात. तेव्हा ऑकलंडला दुपार असायची, ऑफिसची जेवणाची सुट्टी. दीनानं स्वतःपुरतं एक पान बनवून घेतलं होतं. जगात त्या वेळी जो कोणी खेळत असेल त्याची चिमुकली होडी तिथे नावासकट दिसायची. ती डबा उघडून बसायची, 'आबा' नावाची होडी वळणं घेत जायची, आणि भाजीपोळी सुखानं पोटात उतरायची.

फोन फारसे व्हायचे नाहीत. फोन म्हणजे निकाल नाहीतर निधन, अशी आबांची ठाम समजूत. "बोलायचं काय त्यात? होडी दिसते ना तुला?" असं ते म्हणायचे. दिसत होती. दीनाला तेवढं पुरे होतं, आणि खरं म्हणजे तेवढंच होतं.

मग वेलिंग्टनच्या एका छोट्या कंपनीचं पत्र आलं. फोनवरचे खेळ काढणारी माणसं. होडी त्यांना फार आवडली होती. एका अंगठ्यानं चालेल अशी करून फोनवर आणू, म्हणाले, पण मग ब्राउझरमधली बंद करायची. दीनानं हे नितीशला सांगितलं, आणि त्यानं ते आबांच्या कानावर घातलं.

शनिवारी सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांत वाणसामान आणायला निघाले, की दीनाचा नवरा रविंद्र पार्किंग शोधता शोधता महत्त्वाचे विषय काढायचा. तो सिव्हिल इंजिनिअर. पूल बांधायच्या आधी त्यावरून जाणार कोण आणि किती, हे मोजणारा माणूस.

"वेलिंग्टनवाल्यांना काय कळवलंस?"

"अजून काही नाही."

"अगं, ट्रेनमध्ये बघ, ढीगभर लोक फोनवर खेळत असतात. कीबोर्डसमोर बसून वल्ही मारणारे किती? लिंकवर येतात, जरा खेळतात, टॅब बंद केला की विसरतात. फोनवर आयकॉन कसा डोळ्यासमोर राहतो."

"आणि वेब बंद करायचं?"

"साहजिक आहे. ब्राउझरमध्ये फुकट मिळतं ते स्टोअरमधून कोण घेईल?"

दीनाकडे उत्तरं तयार होती. लिंक पाठवली की खेळ सुरू, कसलाही भंगार कॉम्प्युटर असो. ना स्टोअरची परवानगी, ना त्यांची तपासणी होईपर्यंत ताटकळणं. "सकाळी बग सापडला की दुपारी दुरुस्त, आणि संध्याकाळी जगभर सगळ्यांकडे नवा खेळ. कुणाला काही दाबावं लागत नाही. कळतसुद्धा नाही," ती म्हणाली. हे शेवटचं तिनं जरा फुशारकीनंच सांगितलं.

"बरं, आता खरं कारण सांग."

दीना मिठाईच्या दुकानाकडे बघत राहिली. "आबा फोनला बोट लावत नाहीत. बोट लावलं की भलतंच उघडतं म्हणतात. त्यांचा तो बटणांचाच फोन आहे अजून."

"एका माणसासाठी प्लॅटफॉर्म निवडणार तू?"

"हो."

आबांवर रविंद्रचाही जीव होता. एक गाडी निघाली, त्यानं आपली गाडी तिथे घातली, आणि दोघं पोहे आणायला उतरले.

ऑगस्टमध्ये आबांची होडी दिसेनाशी झाली. एक दिवस, दोन दिवस करता करता आठवडा उलटला, तेव्हा दीनानं नितीशला फोन लावला.

"व्हायरल आहे गं ताई. त्यात दाढ काढलीय, बोलता येत नाही त्यांना नीट," नितीश म्हणाला. मागून त्याची बायको अबोली घाईघाईनं काहीतरी म्हणाली आणि फोन संपला. पुढे एकदा व्हिडिओ कॉल झाला. आबा अर्धेच दिसत होते, उजव्या अंगानं. "सरळ धर की रे फोन," दीना म्हणाली, आणि तेवढ्यात नेट गेलं. पैठणचं नेट जायचंच, त्यात तिला नवल वाटलं नाही.

सप्टेंबरात होडी परत आली. दीनाला इतका आनंद झाला की डबा बाजूला ठेवून ती बघत बसली. होडी किनाऱ्यावरून निघाली, डावीकडे वळली, वळतच राहिली, आणि जिथून निघाली तिथेच येऊन पुन्हा वळू लागली. त्या दिवशी आबा गोल गोलच फिरले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी शनिवार होता, घरच्या कॉम्प्युटरवर ते पान उघडं होतं, आणि तिची मुलगी आरुषी वाकून बघून म्हणाली, "आई, आबाज् बोट इज गोइंग इन सर्कल्स अगेन."

आता दीनाच्या धंद्याचा एक संस्कार सांगायला हवा, कारण सगळं तिथेच अडलं. सॉफ्टवेअर तपासणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात, की वापरणारा कधी चुकत नाही. बटण चालत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याच्या बोटांना बोल लावायचा नाही. दोष आपल्या कामात शोधायचा. शिकवण सोन्यासारखी आहे. दीनानं ती जन्मभर पाळली, आणि नेमकी त्या दिवशीही पाळली.

तिनं खेळाच्या नोंदी खोदून पाहिल्या. डावं बटण दाबलं जात होतं, आणि सुटतच नव्हतं. आबा उजवं वल्हं मारत होते, डावं पाण्यात रुतलेलं. हा ब्राउझरचा जुनाच आजार. बोट सुटतं, पण सुटल्याची खबर खेळापर्यंत पोचत नाही. तिनं एका मैत्रिणीचा जुनापुराणा लॅपटॉप मागून आणला आणि त्यावर दुपारच्या दुपारी वल्ही मारली. होडी सरळच जात होती. मग कीबोर्डवर संशय आला, म्हणून तिनं ऑकलंडमध्ये बसून पैठणच्या पत्त्यावर नवा कीबोर्ड मागवला. "लावला ताई," नितीश म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता. दुकानात गर्दी असेल, असं तिला वाटलं. होडी फिरतच राहिली.

मग तिनं आबांनाच फोन लावला.

"आबा, बटण दाबल्यावर सोडता ना तुम्ही?"

"सोडतो की," आबा म्हणाले. दाढेमुळे शब्द अजून गोलमटोल येत होते.

"मग दोष माझ्याकडेच आहे. मी शोधते."

"कशाला जिवाला त्रास करून घेतेस? फिरली तर फिरली."

"असं कसं? ऐका ना, मी त्या फोनवाल्या कंपनीला नाही म्हणून कळवलं. तुमच्यासाठी खेळ कॉम्प्युटरवरच ठेवला."

मग आबा म्हणाले, "बरं केलंस."

ऑक्टोबरात तिनं शेवटी एक तोडगा काढला. एखादं बटण फार वेळ दाबलेलं राहिलं, तर ते अडकलंय असं खेळानंच समजायचं. ते वल्हं आपणहून पाण्यातून सोडवायचं, आणि दुसऱ्या वल्ह्याच्या तालावर मारत राहायचं. तात्पुरता उपाय, पण चालला असता. सकाळी लिहिला, दुपारच्या आत जगभर पोचला. न्यूझीलंडात उन्हाळ्यापुरती घड्याळं तासभर पुढे सरकल्यामुळे आबांची वेळ आता एका मीटिंगवर येत होती. दीना मीटिंगला बसली, एक डोळा त्या पानावर ठेवून.

आबांची होडी निघाली. डावीकडे किंचित झुकली, थबकली, आणि सरळ झाली. पाण्यातून रेघ ओढल्यासारखी सरळ गेली ती, आणि थेट पुढच्या वळणापर्यंत पोचली. दीनानं टेबलाखाली मूठ आवळली.

थोड्या वेळात फोन वाजला. आबांचा. स्वतःहून केलेला. ती धावत बाहेर गेली, कारण आबांचा फोन म्हणजे निकाल नाहीतर निधन.

"दीना," आबा म्हणाले. "दीना, होडी सरळ चालली गं."

सांगावंसं तिला फार वाटलं, की मीच दुरुस्त केली. पण चांगली दुरुस्ती वापरणाऱ्याच्या लक्षातही येता कामा नये, हाही त्याच धंद्याचा संस्कार. शिवाय म्हाताऱ्या माणसाला वाटू दे की त्याचं त्यानं जमवलं, म्हणून ती हसून म्हणाली, "बघा, बसला की नाही हात!"

"बसला," आबा म्हणाले. "बसला गं हात." ते रडत होते असं तिला वाटलं, आणि एका खेळासाठी माणूस इतका हळवा होतो याचं तिला हसू आलं आणि भरूनही आलं.

आठवडाभर होडी सरळ चालली. त्या आठवड्यात दुसरीकडून तक्रारी येऊ लागल्या. वळणावर होडी वळतच नाही, थेट किनाऱ्यावर जाऊन आपटते, असं जो तो लिहीत होता. बरोबरच होतं. वळण घ्यायला माणसं मुद्दाम बटण दाबून धरत, आणि खेळाला वाटे ते अडकलंय. आधीच मूठभर खेळणारे, त्यांतलेही निघून चालले. दीनानं विचार केला. जुन्या कॉम्प्युटरपुरती वेगळी सोय करता येईल, पण तिला वेळ लागेल. तोवर आबांना थोडे दिवस थांबायला काय हरकत आहे? ते घरचेच. घरच्यांना थांबवायला माणसाला कधी जड जात नाही. तिनं तोडगा काढून घेतला, आणि तेही दुपारच्या आत जगभर पोचलं. कुणाला काही दाबावं लागलं नाही. कळलंसुद्धा नाही.

आबांची होडी परत फिरू लागली. त्या दिवशी ती फार वेळ फिरली. नंतर रोज येईनाशी झाली, आली तर किनाऱ्यालाच उभी असायची. वेगळी सोय करण्याचं काम दीनाच्या हातात होतं. निम्मं झालंही होतं. नोव्हेंबरात एका दुपारी ती ते करत बसली असताना नितीशचा फोन आला, आणि नुसता त्याचा श्वास ऐकून तिला कळलं.

विमानं बदलत ती पैठणला पोचली तोवर सगळं उरकलं होतं. देह तेवढा वेळ ठेवणं शक्यच नव्हतं, असं नातेवाइकांनी तिला समजावलं. समाजातली माणसं येत होती. दारात चपलांचा ढीग, आत पांढऱ्या कपड्यांतल्या बाया, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींखाली आबांचा नोकरीतला फोटो. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम दोन दिवसांवर होता. दीना सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, आणि माणसं पांगल्यावर पुढच्या खोलीत गेली.

कॉम्प्युटर तिथेच होता. तिनं पाठवलेला कीबोर्ड होता. त्याच्या डाव्या बाजूला, टेबलाच्या कडेवर, निळ्या कापडाची एक छोटीशी उशी ठेवलेली होती.

"ही कशाला?" तिनं विचारलं.

नितीश दारात उभा होता. तो आत आला आणि खाली जमिनीवर बसला. तीसेक वर्षांचा बाप्या, पण लहानपणी काच फोडल्यावर बसायचा तसा बसला.

"हात ठेवायला," तो म्हणाला. "ताई, आबांना ऑगस्टमध्येच झटका आला होता. ताप नव्हता, दाढही नव्हती. लकवा होता. डावी बाजू पूर्ण गेली होती."

दीनानं उशीवरून हात फिरवला.

"तुला सांगू दिलं नाही त्यांनी. आईच्या फोटोवर हात ठेवायला लावला मला. म्हणाले, पोरगी नोकरी टाकून धावत येईल, येऊन करणार काय? पुढे सांगू, बरं वाटल्यावर सांगू, असं करता करता…"

परदेशातल्या लेकराला आजारपण कळवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. घरोघर चालते. दीनानंही चालवली होती. स्वतःचं ऑपरेशन झालं तेव्हा आबांना तिनं टाके निघाल्यावरच सांगितलं होतं. त्यामुळे ओरडायला तोंड नव्हतं. ती खुर्चीवर बसली.

"रोज सकाळी इथे आणून बसवायचो," नितीश सांगत होता. "उजव्या हातानं डावा हात उचलायचे आणि त्या बटणावर नेऊन ठेवायचे. तो तिथेच पडून राहायचा. मी म्हणायचो, आबा, दोन्ही बटणं उजव्यानंच दाबा की. नाही. दोन वल्ही, दोन हात. तो हात मेलेला नाही, त्याला आठवण करून द्यायची, म्हणायचे."

सुटत नसलेलं बटण. दीनाच्या डोळ्यांपुढे ती दुपार आली, मैत्रिणीचा लॅपटॉप आला, ब्राउझरचा जुना आजार आला.

"फोन तरी द्यायचा होतास हातात," ती कशीबशी म्हणाली. "त्यांना फोन आवडत नाही म्हणून मी…"

"अगं, फोन तर दिवसभर उजव्या हातात. लकव्यानंतर माझाच दिला होता, पडल्या पडल्या अंगठ्यानं चालवायचे. तुझी ती एका अंगठ्याची होडी कधी येणार म्हणून विचारायचे मला. मग तू सांगितलंस, की त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवरच ठेवलीस. मला म्हणाले, आता तिला काही बोलू नकोस."

बाहेर कुणीतरी आलं, चप्पल काढून आतल्या खोलीत गेलं. अबोलीचा आवाज आला, बसा म्हणाली. नितीश मान खाली घालून उशीच्या कोपऱ्याचा धागा ओढत होता.

"ताई, एक विचारू? तुला तिकडे सगळं दिसायचं ना?"

"काय?"

"मधे आठवडाभर होडी सरळ चालली होती. आबांनी घर डोक्यावर घेतलं. हात हलायला लागला म्हणाले. तुलाही फोन केला त्यांनी. मी डॉक्टरांना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, काही हालचाल नाही. आबा म्हणाले, डॉक्टर खोटं बोलेल, होडी नाही बोलायची. पुन्हा पोटभर जेवायला लागले होते गं. दिवाळीपर्यंत उभा राहतो, दीनाला व्हिडिओवर चालून दाखवतो आणि मगच सगळं सांगतो, म्हणायचे." नितीशनं डोळे पुसले. "आणि मी एका संध्याकाळी खेकसलो त्यांच्यावर. डॉक्टर नाही म्हणतात ना, मग नाही, उगाच मनाचे खेळ करू नका, म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी होडी परत फिरायला लागली. तिथून ते खचलेच. व्यायाम सोडला, जेवण सोडलं. ताई, खरं सांग. त्यांचा हात हलला होता का? माझ्या बोलण्यानं परत गेला का तो?"

दीनाला तो आठवडा माहीत होता. तो सुरू झाला ती मीटिंग माहीत होती, आणि संपला ती दुपारही. गप्प बसता आलं असतं. हे घर गप्प बसण्यात तयार झालेलं होतं, आणि ती त्याच घरची. पण समोर धाकटा भाऊ बापाच्या मरणाचं ओझं डोक्यावर घेऊन बसला होता, आणि ते ओझं त्याचं नव्हतं.

"नाही हलला, नितीश," ती म्हणाली. "होडी मी चालवत होते."

तिनं सगळं सांगितलं. बटण अडकतं असं समजून केलेला तोडगा, डावं वल्हं आपोआप मारणारा. आबांचा फोन, आणि आपण त्यांना हसत हसत काय म्हणालो ते. मग तक्रारी. मग घरचेच आहेत, थांबतील, म्हणून काढून घेतलेला तोडगा. "तुझ्या बोलण्यानं नाही. मी काढून घेतलं म्हणून फिरली. त्यांना हात मीच दिला आणि मीच परत घेतला, आणि मला माहीतसुद्धा नव्हतं," असं म्हणून ती टेबलावर डोकं ठेवून मोठमोठ्यानं रडली.

नितीशनं तिला रडू दिलं. बऱ्याच वेळानं तो उठला, तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो रागावला नाही.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "हे अबोलीला सांगू नकोस."

दीनानं मान वर केली.

"ती रोज त्या हाताला तेल लावायची. सकाळ-संध्याकाळ, कधी चुकवलं नाही. तिला वाटतं, तिच्या तेलानं हलला."

दीनानं ओढणीनं चेहरा पुसला आणि दोघं आतल्या खोलीत गेली. अबोली आलेल्या मावशींजवळ बसून सांगत होती, की आबांचा हात मधे हलायला लागला होता, तिळाच्या तेलात लसूण कढवून लावायचे मी, अजून थोडे दिवस मिळाले असते तर माणूस उठून बसलं असतं. मावशी चकचक करत होत्या. दीनाला पाहून अबोली थांबली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"हो ना हो ताई?" तिनं विचारलं. "तुम्हाला तर तिकडे दिसायचं ना रोज?"

नितीश भिंतीकडे बघत होता.

"हो," दीना म्हणाली, आणि तिच्याशेजारी जाऊन बसली. "सरळ चालली होती होडी."